पोरीचं रक्त वाढेना

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. गेल्या वर्षी पाळी सुरू झाली. शाळेतून आली की आडवी होते. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या दीड महिना चालू आहेत, शिवाय नाचणीचं सत्त्व आणि बिटाचा रस. तरी परवा ९.६च! सासूबाई म्हणतात, उकडा भात बंद करून चपाती द्या. मासे तर आठवड्यातून तीनदा होतात. घरातल्या सगळ्यांचं दिवसभराचं खाणं सोबत लिहिलंय. काय चुकतंय?
— एक आई, देवगड तालुका

उत्तर : ताई, तुमच्या यादीतल्या पहिल्याच ओळीवर मी अडकले. 'सकाळी साडेसात : घावणे, चहा, गोळी, दुधातलं सत्त्व.' ही चौकडी फोडा. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, दुधातलं नि नाचणीतलं कॅल्शियमही त्याच्या आड येतं. गोळी पोटात जाते, अंगी लागत नाही. ती चहा-दुधापासून दोन तास लांब ठेवा आणि लिंबाच्या पाण्याबरोबर द्या. मळमळलं तर बंद करू नका, डॉक्टरांना विचारून जेवणानंतर द्या. शौचाला काळं होईल, त्याला घाबरायचं नाही.

बिटाचा लाल रंग फसवा आहे. १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही नसतं आणि या वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लागतं. नाचणी जरूर द्या, पण संध्याकाळी, आणि हाडांसाठी. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. रक्ताचं श्रेय तिला उगाच मिळतं.

आता मासे. यजमानांच्या नि मुलाच्या नावापुढे 'तळलेला बांगडा' आहे, लेकीपुढे 'सार-भात'. तुकडी कुठे गेली? आमच्या घरीही मधली तुकडी बाबांची, डोकं भावाचं, आणि आई कढईला लागलेलं सार भाताने पुसून खायची. सारात चव उतरते, लोह बहुतेक माशातच राहतं. माशातलं लोह शरीराला सहज घेता येतं, शिवाय त्याच घासातल्या डाळी-भाजीतलं लोहही तो ओढून घेतो. तेव्हा तिच्या ताटात तुकडी पडू दे. त्याहून सरस म्हणजे तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. सुरमईच्या भावापुढे त्या फुकटच म्हणायच्या, आणि लोह, बी-१२ दोन्ही भरपूर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मोड आणलेल्या कुळथाची उसळ करा, वर लिंबू पिळा. मोडांमुळे लोह मोकळं होतं, लिंबाच्या क जीवनसत्त्वामुळे ते शोषलं जातं. सुकटही चालेल, खारवलेला बांगडा मात्र जपून, त्यात मीठ फार. जेवणानंतर पेरू किंवा आवळा. उन्हाळ्यात काजूची बोंडं आपण झाडाखाली कुजू देतो, त्यांत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं.

सासूबाईंना सांगा, उकडा भात बिचारा निर्दोष आहे. भात उकडताना कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व दाण्यात शिरतं, म्हणून तांदूळ सडून पांढरा केल्यावरही ते बरंचसं टिकतं. नुसत्या चपातीने रक्त वाढलं असतं तर काय हवं होतं!

एवढं करूनही महिन्याभरात आकडा हलला नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. पाळीत जास्त रक्त जातं का, पोटात जंत आहेत का (तुमच्याकडे लावणीच्या चिखलात पोरं अनवाणीच असणार), थॅलेसेमियाची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी लागेल का, हे विचारा. या वयात हिमोग्लोबिन १२च्या वर हवं. तिथे पोचल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर गोळ्या सोडायच्या नाहीत, कारण शरीरातला साठा त्यानंतर भरतो.

पुढचा आकडा कळवा, आणि त्याच दिवशी स्वतःचंही रक्त तपासून घ्या. यादीत सासूबाई आहेत, यजमान आहेत, दोन्ही मुलं आहेत. तुम्ही काय जेवता ते कुठेच लिहिलेलं नाही.