वाचकांचे प्रश्न : कॅम बदलताना स्प्रिंग आणि पुशरॉड

प्रश्न : माझ्या जुन्या ३५० सीसी बुलेटला जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, कॅम बसवायचा आहे. अक्कलकोट रोडवरील एका मिस्त्रींनी मिळेल ती सर्वांत कडक स्प्रिंग घालायला सांगितले. पुशरॉड (कॅमची हालचाल वर रॉकरपर्यंत नेणारे दांडे) जुनेच चालतील का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सर्वांत कडक स्प्रिंग घालू नका, ही कळकळीची विनंती. स्प्रिंगचा ताण कमी पडला, तर वेगात व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडून तरंगतो हे खरे. पण ताण गरजेपेक्षा जास्त झाला, तर कॅमचे नाक (उंचवट्याचे टोक) आणि टॅपेटचा, म्हणजे कॅमवर टेकून पुशरॉड उचलणाऱ्या भागाचा, तळ घासून जातो आणि पुशरॉडही लवू लागतो. म्हणून कॅम बनवणाऱ्याने दिलेला ताण आणि स्प्रिंग बसवण्याची उंची हाच आधार धरावा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, साधारण १.५ मिमी जागा उरावी, तेवढीच रिटेनर (स्प्रिंग धरणारी वरची टोपी) आणि गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी) यांच्यातही.

कॅम घासून लिफ्ट वाढवली असेल, तर त्याचे मूळ वर्तुळ (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान झालेले असते, त्यामुळे जुना पुशरॉड आखूड पडतो. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावा, टॅपेटची फट जुळवा, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि रॉकरने (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेने) पुसलेला पट्टा पाहा. तो अरुंद आणि मध्यावर हवा. कडेला सरकला असेल तर पुशरॉडची लांबी चुकलेली असू शकते. हे माप सकाळी, इंजिन पूर्ण थंड असतानाच घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी उन्हात तापलेल्या गाडीवर ते नेमके येत नाही.