हॉलच्या भिंतीसाठी दोन केशरी शेडपैकी कोणती घ्यावी?

तुमच्या दोन्ही शेड कार्डावर जवळपास सारख्याच दिसतात, एक जरा पिवळ्याकडे झुकणारी, दुसरी विटकरीकडे. हॉलला पश्चिमेची खिडकी, फर्निचर सागवानी आणि रंगवायची एकच भिंत. मी विटकरी घेईन.

सागवान मुळातच पिवळसर तपकिरी. त्यामागे पिवळ्या झाकेचा केशरी आला की शोकेस भिंतीत विरघळते, लाकडाचा उठाव जातो. त्यात पश्चिमेचं ऊन दिवस कलला की स्वतःच तांबूस होतं, मग पिवळसर केशरी चांगलाच भडकतो. विटकरीत तपकिरी अंश असल्यामुळे तेच ऊन पडलं तरी भिंत अंगावर येत नाही.

खरी गोम मात्र दिव्यांत आहे. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली विटकरी मळकट वाटते, कधी चक्क चॉकलेटी. ३००० केल्विनच्या वॉर्म दिव्यात तीच छान खुलते. तुम्ही दिवसभर बाहेर आणि हॉलमध्ये बसणं रात्रीच, वर असे पांढरे दिवेही बदलायचे नाहीत, असं असेल तर माझं उत्तर उलटं धरा आणि पिवळसर घ्या.

कार्डावरच्या इंचभर चौकोनावरून ठरवू नका, पूर्ण भिंतीवर तोच रंग बरेचदा जास्त भडक भासतो. दोन्हींचे सॅम्पल आणून दोन-दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर दोन हात मारा, नीट वाळू द्या आणि सकाळी, ऊन उतरताना, रात्री दिव्याखाली शोकेसला लावून बघा. थेट जुन्या भिंतीवर पट्टे ओढू नका, विशेषतः ती पिस्ता असेल तर. हिरव्याशेजारी कुठलाही केशरी आहे त्याहून लाल दिसतो.

पेंटरशी आधीच बोलून घ्या. असे गडद केशरी ज्या बेसमध्ये, म्हणजे शेड मिसळायच्या मूळ पेंटमध्ये, बनतात त्यात झाकणारा पांढरा पिगमेंट, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, फार कमी असतो. दोन हातांत खालचा रंग डोकावू शकतो, तिसरा बरेचदा लागतो, आणि पेंटर सहसा दोन हातांचाच भाव सांगतो. फिनिश मॅट घ्या, कारण तिरप्या उन्हात चकाकीवर पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. सगळे डबे दुकानात एकाच वेळी टिंट करून, म्हणजे शेड मिसळून, घ्या, शेड कोड लिहून ठेवा आणि टचअपसाठी अर्धा लिटर उरवा.