पातळ सिलिकॉन: काचेवर बसवायचं की वेफरवरून सोलायचं?

वीस-तीस मायक्रॉन सिलिकॉनमध्ये सौरघटाचं भागत असेल तर दीडशे मायक्रॉनचे वेफर (सिलिकॉनच्या ठोकळ्यातून कापलेल्या चकत्या) कशाला कापायचे, आणि प्रयोगासाठी कोणती पद्धत धरावी, असं तुम्ही विचारलंय.

सगळी गोम तापमानात आहे. सिलिकॉन वितळतं १४१४ अंश सेल्सिअसला. साधी काच त्याच्या निम्म्या तापमानालाही तग धरत नाही. प्रत्येक पद्धत म्हणजे या अडचणीतून काढलेली एक पळवाट.

सर्वांत सोपी वाट घन अवस्थेतल्या स्फटिकीकरणाची: बोरोसिलिकेट काचेवर अस्फटिकी (अणूंची सुसूत्र रचना नसलेल्या) सिलिकॉनचा थर द्यायचा आणि ६०० अंशांच्या आसपास तासन्‌तास तापवायचा. सीएसजी सोलर या कंपनीने जेमतेम दोन मायक्रॉनच्या थरावर १० टक्के कार्यक्षमतेपर्यंत मजल मारली. पण स्फटिकांचे कण बारीक राहतात, कणसीमांवर (दोन कण जिथे भिडतात तिथे) इलेक्ट्रॉन वाया जातात. हायड्रोजन प्लाझ्माने या सीमा काही प्रमाणातच शांत होतात. ॲल्युमिनियमच्या मदतीने ५७७ अंशांखाली मोठे कण मिळतात खरे, पण थरात ॲल्युमिनियम उरतं, म्हणून तो फक्त बीजथर (ज्यावर पुढचं सिलिकॉन वाढवायचं तो पाया) म्हणून कामाचा. लेझरच्या किंवा इलेक्ट्रॉन झोताच्या रेषेने फक्त सिलिकॉन क्षणभर वितळवलं तर कण सेंटिमीटरभर लांब होतात आणि व्होल्टेज ६०० मिलिव्होल्टच्या वर जातं. काचेवरच्या पद्धतींत मला हीच खरी वाटते.

तरी दर्जात सर्वांत पुढे आहे थर सोलण्याची पद्धत. एकस्फटिकी वेफरवर हायड्रोफ्लोरिक आम्लात विद्युतप्रवाहाने सच्छिद्र थर कोरतात: वर कमी छिद्रांचा, खाली जास्त छिद्रांचा. हायड्रोजनमध्ये ११०० अंशांच्या आसपास तापवलं की वरची छिद्रं बुजून पृष्ठभाग सपाट होतो, खालचा थर मात्र ठिसूळ राहतो. वर एपिटॅक्सीने (खालच्या स्फटिकाचीच रचना पुढे वाढवत) तीस-चाळीस मायक्रॉन सिलिकॉन वाढवायचं, घट बनवायचा आणि ओढून सुटा करायचा. मूळ वेफर पुन्हा वापरता येतो. असे घट २० टक्के कार्यक्षमतेच्या पुढे गेलेत. घोडं पेंड खातं ते एपिटॅक्सीच्या खर्चापाशी आणि वेफर किती वेळा वापरता येईल यापाशी; त्यात हिऱ्याच्या तारेने कापलेले वेफर स्वस्त होत गेले.

थर कोणताही असो, प्रकाश अडकवणं टाळता येत नाही. १००० नॅनोमीटरचा प्रकाश सिलिकॉनमध्ये दीडशेएक मायक्रॉन खोल जातो, म्हणून पृष्ठभाग खडबडीत आणि मागे परावर्तक हवाच.

तुमच्याकडे प्लाझ्मा सीव्हीडी (वायूपासून पातळ थर बसवणारं यंत्र) आणि नळीभट्टी आहे म्हणता, तर घन अवस्थेपासूनच सुरू करा. सच्छिद्र सिलिकॉनच्या वाटेला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, म्हणून प्रशिक्षित माणूस, योग्य फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) आणि त्या आम्लाने भाजल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असल्याशिवाय तिकडे जाऊ नका.