आमचे डॉक्टर गेले, ते माझे जवळचे मित्रही होते. शोकसभेत काय बोलावं आणि त्यांच्या आठवणीसाठी काय करावं?

'देवमाणूस' हा शब्द सोडून काहीही बोला. मी तोच शब्द बोलून खाली बसलो होतो, म्हणून सांगतोय.

माझा दोस्त कोल्हापुरात शुक्रवार पेठेत दवाखाना चालवायचा. शाळेपासूनचा सोबती. पेशंटसमोर मी त्याला 'डॉक्टर' म्हणायचो, रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर 'भावा'. गेल्या हिवाळ्यात गेला. रक्षाविसर्जन झालं, मग तालमीत शोकसभा ठेवली. सांगायची गोष्ट मी मनात जुळवून नेली होती. माझं नाव पुकारलं तसं माझ्या थोरल्या भावानं, दादानं, मनगट धरलं, हळूच म्हणाला, "आईचं काढू नकोस." नाही काढलं. हसतमुख, मनमिळाऊ, देवमाणूस. माझ्या आधीचे सगळे तेच बोलून गेले होते.

ती गोष्ट इथं सांगतो.

२०१९ च्या मे महिन्यात आईला टीबी निघाला. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, ब्लाउज ढगळ व्हायला लागलेले. दादा म्हणायचा, हवा बदललीय. दोस्तानं थुंकी तपासायला पाठवली आणि रिपोर्ट घेऊन रात्री स्वतः घरी आला. सरकारी औषध मोफत मिळतं, तेच उद्यापासून चालू, म्हणाला, आणि नोंद करतोय. दादा भडकला. "नाव सरकारात गेलं तर माझ्या पोरीचं लग्न कसं व्हायचं?" दोस्त शांतपणे म्हणाला, "नोंद मला बंधनकारक आहे, दादा. नसती तरी केली असती." तोवर वहिनीनं आईचं ताट-वाटी वेगळं काढलं होतं. तो उठला, आईच्या खोलीची बंद खिडकी उघडली आणि म्हणाला, "हा ताटातनं पसरत नाही, हवेतनं पसरतो. ही उघडी ठेवा."

चौथ्या दिवशी आई मोरीतून रडतच बाहेर आली. लघवी नारंगी-लाल झालेली, तिला वाटलं रक्त. मी फोन लावला. तो तिला म्हणाला, "काकू, गोळीचा रंग आहे तो. रोज तसाच दिसला पाहिजे. नाही दिसला तर मला कळंल की तुम्ही गोळी टाकून देताय." आई त्या आजारपणात पहिल्यांदा हसली. पुढं रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या घेऊन झाल्या की ती त्याला मिस्ड कॉल द्यायची.

जुलैत खोकला थांबला, वजन वाढलं, आणि दादानं धोशा लावला की बास झालं, उष्ण औषधं आहेत, बंद करा. आमचं ते भांडण आजही मिटलेलं नाही, तेव्हा स्पष्ट लिहितो. दादा, तू चुकत होतास. पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, असा तो हिशोब आहे. खोकला थांबला म्हणून जंतू संपत नाहीत. मध्येच सोडलं की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग याहून लांबचा नि अवघड उपचार माथी येतो.

ऑगस्टमध्ये पूर आला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका पातळी, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही रात्रीतून राजारामपुरीत मावशीकडं गेलो आणि गोळ्या कपाटात राहिल्या. दोस्ताचा स्वतःचा दवाखाना पाण्यात होता, तपासणीचं टेबल, कागदपत्रं, सगळं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मावशीच्या दारात उभा. रेनकोटच्या आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आईच्या गोळ्यांची नवी पाकिटं, सरकारी केंद्रातून मागून आणलेली. चहाला थांबला नाही. आणखी दोघांकडं जायचं होतं त्याला, कुणाकडं ते सांगितलं नाही.

नोव्हेंबरात कोर्स संपला. आई आजही खणखणीत आहे. आणि हे मी तालमीत बोललो नाही.

तेव्हा तुम्ही एकच प्रसंग सांगा, पण खरा, आजाराच्या नावासकट. चौकात डिजिटल फलक लावू नका, आठवड्यात त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक चढतो. रक्तदान शिबिर चांगलंच. पण मला विचाराल तर निक्षय मित्र व्हा. एखाद्या टीबी पेशंटला काही महिने डाळ, तेल, धान्य पुरवायचं, सरकारी टीबी केंद्रात नाव नोंदवता येतं. सरकार पेशंटच्या खात्यावर पोषणासाठी पैसे टाकतं, तेव्हा महिना ५०० होते, आता १००० आहेत. पण घरात दोन-तीन तोंडं असली की ते पुरत नाहीत. आम्ही तर दादाच्या हट्टापायी तेही घेतले नव्हते. दोस्ताच्या नावानं मी या वर्षी दोघांचं धान्य घेतलंय.

हे आधी लिहायला हवं होतं, आता लिहितो: तुमचे डॉक्टर कशानं गेले, घरच्यांची मनःस्थिती काय, मला माहीत नाही. त्यांच्या घरच्यांना विचारूनच बोला. आणि दुसऱ्या कुणाचा आजार सभेत काढू नका, फक्त स्वतःच्या घरातला. तोही ज्याचा आहे त्याला विचारून.

मी आईला विचारलं. हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, लिही, नाव घातलंस तरी चालेल. आणि पुरात दोन दिवस गोळ्या चुकल्या, तेही लिही, त्याला खोटं चालायचं नाही.