सलून, बैठक आणि सेलूचं भोकर

आर्वी तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे : "रविवारच्या पुरवणीत वाचलं, की १९५०च्या सुमारास पॅरिसमध्ये मारी-लॉर द नोआय नावाच्या श्रीमंत बाईचं 'सलून' कवी-चित्रकारांनी गजबजलेलं असायचं. वाचून दाखवलं तर सासरे म्हणाले, बाई कटिंग करत होती का जी? तर हा शब्द बरोबर आहे का? आणि अशा 'होस्टेस'ला मराठीत काय म्हणावं?"

सासरे बरोबर आहेत, चूक लिहिणाऱ्याची आहे. हा वापर मी वर्षभरात चारदा वाचला आणि चारही वेळा चिडलो. मराठीत सलून म्हणजे फाट्यावरचं दुकान : फिरती खुर्ची, समोरासमोर आरसे, तुरटीचा खडा, बाकावर कापसाच्या भावाची चर्चा. रेल्वेच्या बड्या साहेबाचा खास डबा हाही सलून. तिसरा अर्थ मराठीत नाही.

मूळ फ्रेंच उच्चार 'सालाँ', म्हणजे दिवाणखाना आणि तिथं जमणारी मंडळी. मग आपल्याकडे 'ऊन' आलं कुठून? खरी गोडी इथंच आहे. इटालियनमध्ये 'साला' म्हणजे दालन. शब्दाला 'ओने' लागलं की वस्तू मोठी होते : दालनाचं 'सालोने', कागदाचा जाड कागद 'कार्तोने', चेंडूचा मोठा चेंडू 'पाल्लोने'. आपण गाडीचा गाडा आणि डबीचा डबा करतो तसंच. फ्रेंचांनी ही शेपटी नाकात नेली, इंग्रजांनी तिचं 'ऊन' केलं, आणि इंग्रजांकडून आपण सलून, कार्टून, बलून अशी तिन्ही भावंडं घेतली. म्हणजे कार्टून हा मुळात जाड कागद. त्यावर चित्रकार मोठ्या चित्राचा आराखडा काढत. सलून इंग्लंडात केस कापायच्या दालनाला चिकटला, अमेरिकेत दारूच्या गुत्त्याला. आपल्याकडे आली ती इंग्लंडची पाटी.

काही संस्कृतप्रेमी विद्वान इथं 'शाला' आणतात. साला म्हणजे आपली शाला, असं छातीठोक सांगतात. हे साफ चूक आहे. संस्कृतातल्या या 'श'च्या जागी इंग्रजीत 'ह' येतो : शत आणि हंड्रेड, श्वन् आणि हाउंड. त्या हिशेबानं शालेचा सोयरा इंग्रजी 'हॉल'. कानाला सारखं लागलं की नातं जुळलं, ही व्युत्पत्ती नव्हे. 'साला' इटालियनमध्ये जर्मानिक भाषांतून आला, आणि त्याचं दूरचं भावंड आहे रशियन 'सेलो', म्हणजे खेडं! पॅरिसच्या झुंबरांखालचा शब्द आणि रशियातलं चिखलाचं गाव एका मुळाचे निघतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

हे सांगितलं की आमच्या भागात कुणीतरी हमखास म्हणतं, मग आपल्या वर्धा जिल्ह्यातलं सेलू? नाही. सेलूचा रशियाशी काही संबंध नाही. माझ्या मते सेलू म्हणजे 'शेलू', अर्थात भोकराचं झाड. अमरकोशात 'शेलु' हे भोकराचं नाव दिलेलं आहे. झाडांवरून गावांची नावं पडणं विदर्भात नवं नाही. बाभूळगाव घ्या, उंबराचं उमरखेड घ्या. सेलडोह आणि सेलसुरा ही नावंही मी याच झाडाखाली बसवतो. पिकल्या भोकराचा गर इतका चिकट, की आम्ही लहानपणी फाटकी वही त्यानंच चिकटवायचो. कच्च्या भोकराचं लोणचं अजूनही घरोघरी घालतात, पण झाडं कमी झाली आणि शेलू हा शब्द तर तोंडातून गेलाच. गावाच्या नावात तेवढा टिकला आहे, म्हणून मी तो सोडायला तयार नाही.

असो. 'सालाँ'ला मराठी शब्द आहे 'बैठक'. फ्रेंच शब्दासारखाच तो खोलीचाही आहे आणि तिथं जमणाऱ्या मंडळींचाही. आपल्या घरातली पुढची खोली बैठक, आणि गाण्याची बसते तीही बैठकच. सरकारी बातम्यांनी त्याची मीटिंग करून टाकली, हे दुर्दैव. मारी-लॉरची बैठक म्हणजे झाँ-मिशेल फ्राँकनं सजवलेली खोली, भिंतींवर चर्मपत्राचे चौकोन. लुई बुन्युएलच्या १९३०च्या चित्रपटाचा खर्च तिनं आणि तिच्या नवऱ्यानं उचलला होता. 'बैठक' लिहिलं की हे सगळं त्यात मावतं.

राहिली होस्टेस. 'यजमानीण' म्हणजे यजमानाची बायको, म्हणून लोक हा शब्द टाळतात. पण यजमान या शब्दाची घडणच सांगते, की यज्ञ तो स्वतःसाठी करवतो. मंत्र ऋत्विज म्हणतात, दक्षिणा यजमान देतो, फळ यजमानाला. पेगी गुगेनहाइम या श्रीमंत अमेरिकी कलासंग्राहक बाईनं १९४३ साली चित्रकार जॅक्सन पोलॉकला दरमहा १५० डॉलर बांधून दिले, न्यूयॉर्कच्या आपल्या घरासाठी त्याच्याकडून जवळजवळ २० फुटी चित्र करून घेतलं, आणि कराराप्रमाणे त्याची चित्रंही तिच्याकडे येत राहिली. ती कुणा यजमानाची बायको म्हणून यजमानीण नाही. यज्ञ तिचाच होता. ताई, बिनधास्त 'यजमानीण' लिहा.