कोपर आपटलं की करंट करंगळीत का जातो?

चौकटीला कोपर आपटलं तर दुखायला हवं कोपर, मग झिणझिण्या करंगळीत का जातात, आणि हाडाचा एक्स-रे काढावा का, असं तुम्ही विचारलंय. एक्स-रे राहू द्या. मार हाडाला नाही, नसेला बसला.

नस म्हणजे रक्ताची नव्हे, मज्जातंतू. पण आमच्याकडे गावात दोन्हीला नसच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

कोपर जरा वाकवा. मागचं टोक आणि अंगाकडच्या बाजूचा हाडाचा उंचवटा, या दोघांमध्ये एक खाच आहे. तिच्यात बोट ठेवून हलकेच आडवं फिरवा. सुतळीसारखं काहीतरी बोटाखालून सटकेल. ती अल्नर नस. मानेपासून निघते, काखेतून उतरते, दंडात मांसाआड असते. या खाचेत मात्र वर नुसती कातडी आणि खाली हाड. एसटीच्या खिडकीचा गज नेमका तिथे लागला की नस हाडावर चेपली जाते. कोपर वाकलेलं असेल तर ती ताणलेलीही असते.

आता करंगळी. ही नस करंगळीची आणि शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागाची खबर मेंदूकडे नेते. अर्ध्याच, हे खरं आहे. त्याच बोटाची दुसरी बाजू वेगळ्या नसेकडे. दारावरच्या घंटीची वायर मधेच कुणी जोडली तरी घरातला माणूस दारच उघडायला जातो ना, तसंच इथे होतं. खबर निघाली कोपरातून, मेंदूला वाटतं बोटातून आली. मिनिटभरात थांबतं. इंग्रजीत याला ‘फनी बोन’ म्हणतात. दंडाच्या हाडाचं नाव ह्युमरस, आणि विनोदी याला इंग्रजीत तसाच ऐकू येणारा शब्द आहे, त्यावरून ही कोटी झाली असं काही जण सांगतात. ज्याला लागतं त्याला कुठलं हसू येतं!

मी इतकं कोपरावर बोलतोय कारण माझी नोकरीच त्यात गेली. कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात गावोगाव फिरायचो. वर्धा-चंद्रपूर पट्ट्याला हा आजार जुना ओळखीचा. दत्तपूर आणि आनंदवन ही कुष्ठरोग्यांसाठीची ठिकाणं उगीच इथे उभी राहिली नाहीत. कुष्ठरोगाचे जंतू ज्या नसांना धरतात त्यांत ही कोपरामागची फार वेळा सापडते. म्हणून अंगावरचा चट्टा बघून झाला की दोन्ही कोपरांच्या खाचा चाचपायच्या, डावी-उजवी ताडून पाहायची. चाचपताना नजर हाताकडे नाही, माणसाच्या तोंडाकडे ठेवायची, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दुखलं तर माणूस बोलत नाही, पण डोळे बोलतात.

एकदा कापूस वेचणारी एक बाई आली. करंगळीच्या कडेला भाजल्याचा फोड. म्हणाली, "तव्यावर भाजलं असन, पण मले समजलंच नाई जी." खाचेत बोट ठेवलं तर सुतळी नाही, दोरच लागला, इतकी नस जाड झालेली. दोन बोटांच्या मधे कागद धरायला दिला आणि ओढला, तर अलगद निघून आला. तिला झिणझिण्या आल्या असत्या तर ती आधीच आली असती. बधिरपणा दुखत नाही, म्हणून घात करतो.

तुमचं तसं काही दिसत नाही. पण काही न लागता करंगळीला सारख्या मुंग्या येत असतील, तर आधी रात्री हात दुमडून उशाशी घेऊन झोपणं आणि तासन् तास मोबाईल कानाला लावणं सोडून बघा. वाकलेल्या कोपरात ही नस दबते. तरी राहिलं, पकड ढिली झाली, किंवा अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाची औषधं तिथे फुकट आहेत, आजाराच्या प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिने घ्यावी लागतात. लवकर गेलात तर नसेची ताकद परत यायला वाव असतो.

त्या बाईने १२ महिने एकही पाकीट चुकवलं नाही. करंगळी थोडी वाकडी राहिली ती राहिलीच. भाकरी मात्र आता ती चिमट्याने उलटते.