ब्राउझरमध्ये पीडीएफ कधी उघडत नाही, कधी सरळ डाउनलोड होते, कधी मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. ब्राउझर बदलू का?

नका बदलू. तुम्ही एका प्रश्नात तीन तक्रारी घातल्या आहेत: काही पीडीएफ उघडत नाहीत, काही उघडण्याऐवजी सरळ डाउनलोड होतात, आणि काही उघडतात पण मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. पहिल्या दोन दहा मिनिटांत मार्गी लागतात. तिसरीचा तुमच्या ब्राउझरशी काडीचाही संबंध नाही, आणि मी हे उत्तर लिहायला बसलो ते तिच्यासाठीच.

आधी सोपं उरकून घेऊ. अडचण एकाच फाइलची आहे की सगळ्या फाइल्सची, हे बघा. फाइल डाउनलोड करा आणि ती ब्राउझरच्या रिकाम्या टॅबमध्ये ओढून टाका. उघडली, तर फाइल आणि ब्राउझर दोन्ही ठणठणीत आहेत आणि घोटाळा साइटकडून फाइल येण्याच्या वाटेत आहे. उघडली नाही पण दुसरी एखादी पीडीएफ उघडते, तर फाइल खराब. कुठलीच उघडत नसेल तरच ब्राउझरकडे वळा.

'फेल्ड टू लोड पीडीएफ डॉक्युमेंट' असा संदेश आला की फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ वाचा. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने होते, लगेच पीडीएफ ही अक्षरं आणि १.४ किंवा १.७ असा आवृत्तीचा आकडा असतो. त्याऐवजी 'डॉकटाइप एचटीएमएल' दिसलं, तर तुमच्याकडे पीडीएफ आलेलीच नाही. लॉगिनची मुदत संपलेली असते, साइट लॉगिनचं पान पाठवते आणि ते पान पीडीएफच्या नावाने सेव्ह होतं. अशी फाइल बहुतेक वेळा अगदी लहान असते. पुन्हा लॉगिन करा, दुसऱ्या टॅबमध्ये तीच साइट उघडी ठेवू नका आणि लगेच डाउनलोड करा. सुरुवात बरोबर आहे पण शेवटी ईओएफ ही खूण नाही, म्हणजे डाउनलोड अर्धवट तुटलं. ते पुन्हा करायचं, दुसरा इलाज नाही. 'पीडीएफ रिपेअर' करून देणाऱ्या अनोळखी साइटवर आधार किंवा बँकेचे कागद चढवू नका.

बटण दाबल्यावर काहीच होत नसेल तर ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला पॉप-अप अडवल्याची खूण आली आहे का पाहा. फाइल डाउनलोडच होत असेल तर क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज, पीडीएफ डॉक्युमेंट्स या वाटेने जा आणि 'ओपन पीडीएफ्स इन क्रोम' निवडा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या जनरल भागात ॲप्लिकेशन्सची यादी असते, तिथे पीडीएफसमोर 'ओपन इन फायरफॉक्स' ठेवा. तरी एकाच साइटची फाइल डाउनलोड होत राहिली, तर त्या साइटचा सर्व्हरच 'ही जोडफाइल आहे, सेव्ह करा' असं सांगतोय. ते तुमच्या सेटिंगने बदलत नाही.

पान कोरं किंवा काळं येत असेल तर इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा. तिथे एक्स्टेन्शन्स बंद असतात, त्यामुळे तिथे दिसलं तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा किंवा जुन्या साठलेल्या कॅशचा. तिथेही कोरंच असेल तर सेटिंग्जमधल्या सिस्टीम या भागात 'यूज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन' बंद करून क्रोम पुन्हा चालू करा. जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर हा उपाय बरेचदा लागू पडतो. आणि पानावर नुसतंच 'प्लीज वेट' असा इंग्रजी मजकूर अडकून राहिला, तर ती एक्सएफए प्रकारची फॉर्म-फाइल आहे. ती अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडायची. फायरफॉक्सही ९३व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, असे बरेच फॉर्म उघडतो.

'अ‍ॅडोबीचं प्लगइन टाका' हा सल्ला अजून फिरतो, तो मनावर घेऊ नका. क्रोमने तसल्या प्लगइन्सचा आधार २०१५ मध्येच काढून टाकला. क्रोममध्ये पीडीएफियम आणि फायरफॉक्समध्ये पीडीएफ.जेएस हे दर्शक आतच बसवलेले आहेत आणि रोजच्या कागदांसाठी ते उत्तम आहेत.

आता मराठीकडे येतो. एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचं प्रकरण मला पुरतं माहीत आहे. अहवाल पीडीएफ करून साइटवर टाकला. सभासदांना मथळे मराठीत दिसत होते आणि खालचा सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांत, अर्थहीन. कार्यालयातून उत्तर मिळालं की ब्राउझर अपडेट करा. सभासदांनी केला, काही फरक नाही. मग दुसरा ब्राउझर टाका. तोही टाकला. छपाईचं काम केलेल्या डीटीपीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय." त्याच्याकडे दिसत होतं हे खरंच होतं, आणि सगळी मेख तिथेच होती.

फाइल अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडून कंट्रोल आणि डी दाबलं, फॉन्ट्सच्या टॅबवर गेलो. नीट बनवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे कंसात 'एम्बेडेड सबसेट' असं लिहिलेलं असतं, म्हणजे फॉन्ट फाइलच्या आतच घातलेला आहे. इथे कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टच्या नावापुढे ते नव्हतं. त्याच्याखाली 'ॲक्चुअल फॉन्ट' म्हणून एरियलचं नाव होतं. मूळ फॉन्ट फाइलसोबत आलाच नाही, म्हणून रीडरने हाताशी असलेला एरियल वापरला, असा त्याचा अर्थ. क्रोमनेही तेच केलं होतं. डीटीपीवाल्याच्या संगणकावर कृतिदेव बसवलेला, म्हणून त्याला मराठी दिसत होतं. मथळ्यांची अक्षरं त्याने आधीच कर्व्हमध्ये बदललेली होती, म्हणजे ती चित्रं झाली होती आणि त्यांना फॉन्टची गरजच उरली नव्हती.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत मराठी नसतंच. 'मराठी' हा शब्द तिथे इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच अक्षरांनी साठवलेला असतो. कृतिदेव त्या ई च्या जागी म चं चित्र दाखवतो, जे च्या जागी र चं. फॉन्ट गेला की चित्रं गेली आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. तुमच्या ब्राउझरने फाइलमध्ये जे होतं तेच प्रामाणिकपणे दाखवलं. जगातला कुठलाही ब्राउझर यापेक्षा वेगळं काही करू शकत नाही.

त्यामुळे मराठी बिघडलेलं दिसलं की ते कसं बिघडलंय ते नीट बघा. इंग्रजी अक्षरांची रांग असेल तर जुना फॉन्ट आणि तो एम्बेड केलेला नाही. रिकामे चौकोन असतील तर मजकूर बहुधा युनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षर स्वतःच्या ठरलेल्या कोडने साठवलंय, पण वापरलेल्या फॉन्टमध्ये देवनागरीच नाही. आणि अक्षरं मराठीच आहेत पण पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडली आहे, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतोय, तर ती फाइल अशा सॉफ्टवेअरने बनवली आहे जे अक्षरं एकापुढे एक नुसती मांडतं, देवनागरीची जुळणी करत नाही. सर्व्हरवर आपोआप तयार होणाऱ्या पावत्या आणि दाखल्यांमध्ये हा तिसरा प्रकार भरपूर सापडतो. पानच आधी वेबपान म्हणून बनवून क्रोमकडूनच त्याची पीडीएफ काढून घेतली तर जुळणी बरोबर येते, कारण हार्फबझ नावाचं जुळणीचं इंजिन क्रोममध्ये असतंच. प्रोग्रामरने करायचं काम आहे, वाचणाऱ्याने नाही.

तुमच्या हातात काय आहे? इंग्रजी अक्षरांची फाइल असेल तर वर सांगितलेल्या फॉन्ट्सच्या टॅबमधून फॉन्टचं नाव काढा, मजकूर कॉपी करा आणि त्याच फॉन्टच्या युनिकोड कन्व्हर्टरमध्ये टाका. खालचे कोड शाबूत असल्यामुळे मराठी बऱ्यापैकी परत मिळतं. रफार आणि जोडाक्षरं तेवढी नजरेखालून घाला. फॉन्टचं नाव चुकलं तर निकालही चुकेल: श्रीलिपी या दुसऱ्या जुन्या पद्धतीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये घालून उपयोग नाही. संगणकावर तोच फॉन्ट बसवला तरी क्रोममध्ये मराठी दिसू लागतं, पण मोबाइलवर ही सोय नाही. आणि पडद्यावर बरोबर पण कागदावर चौकोन येत असतील, तर प्रिंटच्या खिडकीत 'मोअर सेटिंग्ज'खाली 'प्रिंट ॲज इमेज' निवडा.

खरा इलाज फाइल बनवणाऱ्याकडेच आहे, आणि तो एका खुणेचा आहे. कोरल ड्रॉमध्ये पब्लिश टू पीडीएफच्या सेटिंग्जमध्ये 'एम्बेड फॉन्ट्स' वर टिक करायची. वर्डमध्ये पीडीएफ म्हणून सेव्ह करताना ऑप्शन्समध्ये पीडीएफ/ए ची टिक, कारण त्या प्रकारात फॉन्ट आत घेणं सक्तीचंच आहे. काही फॉन्टचा परवाना एम्बेड करू देत नाही. तेव्हा सगळा मजकूर कर्व्हमध्ये बदलायचा. पण कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये शोध लागत नाही आणि दृष्टिहीन वाचकांचं स्क्रीन रीडर तिला वाचू शकत नाही, म्हणून तो शेवटचा पर्याय. नवं काम असेल तर सरळ युनिकोडमध्ये करा. 'आमची पंचवीस वर्षांची सवय आहे' हे सभासदाला वाचता न येणाऱ्या ताळेबंदाचं कारण होऊ शकत नाही.

एक राहिलं. आधारच्या पीडीएफवर पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'व्हॅलिडिटी अननोन' दिसतं, ती फाइलची खराबी नव्हे. क्रोम डिजिटल सही तपासत नाही, त्यामुळे तिथे ते चिन्ह जाणार नाही. अ‍ॅडोबी रीडरमध्ये सहीवर उजवी क्लिक करून व्हॅलिडेट सिग्नेचर, मग सिग्नेचर प्रॉपर्टीज, मग 'शो सायनर्स सर्टिफिकेट' अशी वाट आहे. ट्रस्टच्या टॅबवर 'ॲड टू ट्रस्टेड' दाबण्याआधी सर्टिफिकेटांच्या साखळीच्या मुळाशी सीसीए इंडियाचं, म्हणजे डिजिटल सह्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेचं, नाव आहे ना, ते बघून घ्या. नसेल तर दाबू नका.

आणि तुमच्या पीडीएफवाल्याने "आमच्याकडे दिसतंय" म्हटलं, तर त्याला ती फाइल स्वतःच्या मोबाइलवर पाठवून उघडायला सांगा. तिथे कृतिदेव नसतो.